एएनएचे दोन रिपोर्ट, दोन उत्तरं: लुपसच्या टेस्ट शेजारी ठेवून कशा वाचायच्या

मागच्या पावसाळ्यात सांगलीहून मामेबहिणीचा फोन, रात्री साडेनऊला, आणि त्याआधीच व्हॉट्सॲपवर दोन पीडीएफ येऊन पडलेल्या. एका लॅबने लिहिलंय एएनए (आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी) निगेटिव्ह, दुसरीने लिहिलंय पॉझिटिव्ह १:३२०, मधे जेमतेम तीन आठवडे. "अगं यातली खोटी लॅब कुठली तेवढं सांग, उद्या जाऊन भांडूनच येते." म्हटलं ताई, भांडू नकोस, दोन्ही बरोबर आहेत. मग ती माझ्याशीच भांडली.

मी एका लॅबमध्ये इम्युनॉलॉजीच्या टेबलवर काम करते. टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे लुपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे की नाही आणि गोळ्या कुठल्या घ्यायच्या हे मी सांगणार नाही, ते तुमचे रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे असल्या आजारांचे आणि सांध्यांचे डॉक्टर, बघतील. पण दोन रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना कुठे चालते आणि कुठे अजिबात चालत नाही हे मात्र सांगू शकते, कारण त्यातले निम्मे घोळ आमच्या टेबलवर रोज दिसतात.

पहिलं काम म्हणजे आकडा बघायचाच नाही, आधी मेथड बघायची. रिपोर्टवर टेस्टच्या नावाखाली किंवा पार तळाशी बारीक अक्षरात मेथड लिहिलेली असते, आयएफए किंवा आयआयएफ, एलायझा, सीएलआयए, इम्युनोब्लॉट यातलं काहीतरी. ताईच्या पहिल्या रिपोर्टवर एलायझा होतं, दुसऱ्यावर आयएफए. दोन्हीला नाव एएनएच, पण टेस्ट दोन वेगळ्या. दुधात पाणी किती ते लॅक्टोमीटरने बघणं आणि फॅट किती ते मशीनवर बघणं, दोन्हीला आपण दूध तपासलं असंच म्हणतो ना, तसं.

आता आयएफए म्हणजे नक्की काय करतात ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. काचेच्या स्लाइडवर छोटे छोटे गोल असतात, त्यात हेप-२ नावाच्या माणसाच्या पेशी चिकटवून सुकवलेल्या असतात (नाव घशाच्या कॅन्सरच्या पेशींचं, पण नंतर उघड झालं की त्यात जगभर पसरलेल्या हेला पेशीच घुसलेल्या होत्या, तरी नाव तेच राहिलं). पेशंटचं सिरम (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पिवळसर पाणी) पातळ करून त्या गोलात टाकायचं, अर्धा तास ठेवायचं, धुवायचं. सिरममध्ये पेशीच्या केंद्रकाविरुद्ध अँटिबॉडी असेल तर ती तिथे चिकटून राहते. मग वरून चमकणारा रंग जोडलेली दुसरी अँटिबॉडी टाकायची, पुन्हा अर्धा तास, पुन्हा धुवायचं, कव्हरस्लिप लावायची आणि स्लाइड घेऊन अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला बसायचं. पॉझिटिव्ह असेल तर कच्च्या कैरीसारखे हिरवे गोळे काळ्या आभाळात लटकल्यासारखे दिसतात. दहा वर्षं झाली मला हे काम करून, अजूनही जोरदार पॉझिटिव्ह स्लाइड आली की शेजारणीला हाक मारून दाखवते.

मग सिरम आणखी पातळ करत जायचं, १:८०, १:१६०, १:३२०, १:६४०, आणि शेवटचं चमकणं जिथे दिसतं तो टायटर. म्हणजे १:६४० हा १:८० पेक्षा जास्त, कारण इतकं पातळ करूनही अँटिबॉडी दिसतेय. हे सांगायचं कारण असं की "६४० ने भागलंय म्हणजे कमीच झालं ना" असं विचारणारे फोन मला खरंच आलेत. दुसरी गोष्ट, सगळ्या लॅब याच पायऱ्या वापरत नाहीत, काही किटमध्ये सुरुवातच १:१०० पासून होते आणि पुढे १:३२०, १:१००० असं जातं, काही लॅब नुसतं प्लस प्लस लिहून मोकळ्या होतात. त्यामुळे एका लॅबचा १:१६० आणि दुसरीचा १:३२० यात भांडण्यासारखं काही नाही, एका पायरीचा फरक तर त्याच लॅबमध्ये तेच सॅम्पल दुसऱ्या दिवशी लावलं तरी येऊ शकतो. माणसाच्या डोळ्याने वाचायची टेस्ट आहे ही, मायक्रोस्कोपचा दिवा जुना झाला तरी चमक कमी दिसते.

एलायझा आणि सीएलआयए मात्र मशीनवर. तिथे अख्खी पेशी नसते, प्लास्टिकच्या वाटीत किंवा बारीक मण्यांवर ठराविक अँटिजेन, म्हणजे अँटिबॉडी ज्याला चिकटते ते पदार्थ, लावलेले असतात. अँटिबॉडी चिकटली की एलायझात रंग येतो, सीएलआयएत प्रकाश, मशीन तो मोजतं आणि ०.७ किंवा २.४ असा इंडेक्स देतं. तो टायटर नाही! ०.७ ला १:३२० मध्ये बदलायचा कुठलाही फॉर्म्युला नाही, नेटवर कुणी दिला असेल तरी नाही. फायदा हा की शेकडो सॅम्पल झटपट होतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यावर काही अवलंबून नसतं. तोटा हा की वाटीत जो अँटिजेन लावलेलाच नाही त्याची अँटिबॉडी पेशंटमध्ये कितीही असली तरी टेस्ट निगेटिव्हच येणार. पेशीत मात्र शंभराहून जास्त गोष्टी आपल्या आपल्या जागी असतात, म्हणून एएनएच्या पहिल्या चाळणीसाठी अजून आयएफएलाच मान आहे. २०१९ चे युरोप-अमेरिकेचे लुपसचे निकष आहेत, त्यातही दारातच अट आहे की एएनए हेप-२ पेशींवर किमान १:८० किंवा त्याच्या तोडीच्या टेस्टने पॉझिटिव्ह हवं, तरच पुढचे मार्क मोजायचे. म्हणून लुपसची शंका खरोखर असेल आणि एलायझाने निगेटिव्ह आलं असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, आयएफएने करून बघू का. उलट, आयएफए नीट निगेटिव्ह असताना पुढची महागडी ब्लॉटची टेस्ट (एकेक अँटिबॉडी वेगळी शोधणारी) स्वतःहून करायला पळू नका. याला एक पळवाट आहे, रो-६० नावाची अँटिबॉडी कधी कधी हेप-२ वर हातातून निसटते, त्यामुळे लक्षणं तशी असतील तर डॉक्टर ती मुद्दाम वेगळी मागवतात.

इथे एक गार पाण्याचा हबका मारते, कारण पॉझिटिव्ह शब्द वाचून लोक रात्र रात्र झोपत नाहीत. १९९७ मध्ये बऱ्याच लॅबनी मिळून धडधाकट माणसांची सिरमं तपासली होती, त्यात १:४० ला जवळपास ३२ टक्के लोक पॉझिटिव्ह आले, १:८० ला १३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० ला सुद्धा ३ टक्के. एकही आजार नसलेली माणसं ही. शिवाय थायरॉइडवाले, टीबीवाले, कुठलं तरी व्हायरल होऊन गेलेले, वय झालेले, यांच्यातही एएनए येतं. म्हणून नुसतं अंग दुखतंय म्हणून पॅकेजमध्ये एएनए करून घेणं मला पटत नाही, लॅबचा धंदा होतो हे मी लॅबमध्ये बसूनच सांगतेय.

टायटरच्या खालची ओळ असते पॅटर्नची, आणि ती लोक वाचतच नाहीत. एसी-१, एसी-४ असे नंबर दिसले तर ते जगभर एकच नाव असावं म्हणून ठरवलेले कोड आहेत. होमोजिनिअस म्हणजे अख्खं केंद्रक एकसारखं हिरवं, आणि जी पेशी दुभंगायच्या बेतात आहे तिच्यात क्रोमोसोम मधोमध पट्टीसारखे गोळा झालेले असतात ती पट्टीही लखलखीत. डीएनए किंवा हिस्टोन (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो ते प्रोटीन) यांच्याविरुद्ध अँटिबॉडी असल्या की असं दिसतं. स्पेकल्ड म्हणजे केंद्रकात रव्यासारखे ठिपके आणि ती मधली पट्टी काळीच. एसएम, आरएनपी, रो, ला या नावांच्या अँटिबॉडी, ही मंडळी बहुतेक इथली. आणि तिसरा एक आहे डेन्स फाइन स्पेकल्ड, एसी-२, त्यात ठिपकेही आहेत आणि पट्टीही चमकते, नवशिक्याला तो हमखास होमोजिनिअस वाटतो. ताईच्या दुसऱ्या रिपोर्टवर १:३२० च्या खाली हेच तीन शब्द लिहिलेले होते. हा पॅटर्न बहुतेक वेळा डीएफएस-७० नावाच्या अँटिबॉडीचा असतो, ती एकटीच असेल आणि बाकी काही नसेल तर लुपसची शक्यता वाढत नाही, उलट कमीच धरतात, आणि एलायझाच्या बऱ्याच वाट्यांमध्ये तो अँटिजेन नसतो. म्हणून इकडे निगेटिव्ह, तिकडे ३२०. तिच्या डॉक्टरांनी पुढे ब्लॉट केला, त्यात डीएफएस-७० सोडून सगळं कोरं, लघवी साफ, सीबीसी नीट, सी३ सी४ (रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रोटीन, लुपस उसळला की घटतात) नॉर्मल. सहा महिन्यांनी या म्हणाले. ती अजूनही म्हणते पहिली लॅब खोटीच.

आता डीएस-डीएनए, म्हणजे दुपदरी डीएनएविरुद्धची अँटिबॉडी. एएनए पॉझिटिव्ह आल्यावर लुपससाठी सगळ्यात जास्त मागवली जाणारी टेस्ट हीच, आणि मेथडचा गोंधळ सगळ्यात जास्त इथेच. तीन मेथड लक्षात ठेवा. पहिली जुनी, 'फार' (Farr) नावाची टेस्ट, तिच्यात किरणोत्सर्गी डीएनए लागायचा, घट्ट चिकटणाऱ्या अँटिबॉडीच तेवढ्या सापडायच्या, उत्तर भरवशाचं पण रेडिओॲक्टिव्ह मालाची कटकट कोण करणार, त्यामुळे ती आता रोजच्या लॅबमधून जवळजवळ गेलीच. दुसरी एलायझा किंवा सीएलआयए, आकडा देणारी, चटकन पॉझिटिव्ह होणारी, म्हणजे सैलसर चिकटणाऱ्या अँटिबॉडीसुद्धा ती मोजते, शिवाय वाटीतला डीएनए थोडा उलगडलेला असला तर भलत्याच अँटिबॉडी पकडल्या जातात. म्हणून बॉर्डरपेक्षा जरासंच वर आलेलं एलायझाचं डीएस-डीएनए लुपस नसलेल्यांमध्येही दिसतं.

तिसरी माझी आवडती, क्रिथिडिया. क्रिथिडिया लुसिली हा किड्यांच्या पोटात राहणारा एकपेशी जीव, काळा आजारच्या जंतूचा लांबचा भाऊबंद. त्याच्या अंगात केंद्रकाशिवाय आणखी एक छोटा ठिपका असतो, कायनेटोप्लास्ट, त्यात निव्वळ दुपदरी डीएनए भरलेला, हिस्टोन वगैरे भेसळ नाही. स्लाइड आयएफएसारखीच करायची, साधारण १:१० ने पातळ करून, आणि बघायचं तो बारका ठिपका चमकतोय का. ठिपका चमकला तरच पॉझिटिव्ह. केंद्रक चमकलं आणि ठिपका काळा, निगेटिव्ह. शेपटीच्या बुडाशी चमकलं, तरी निगेटिव्ह. नवीन मुलं इथे हटकून चुकतात, मी पण चुकलेय, माझ्या सिनियरनी खुर्चीत शेजारी बसवून एकाच स्लाइडवर वीस पेशी मोजायला लावल्या होत्या. ही टेस्ट पॉझिटिव्ह आली की वजन खूप, पण निगेटिव्ह आली म्हणून लुपस नाही असं मात्र नाही, कारण कमी प्रमाणातल्या अँटिबॉडी तिला दिसत नाहीत.

मग दोन्हीची सांगड कशी घालायची? आधी एलायझा किंवा सीएलआयए, आणि ती पॉझिटिव्ह आली की क्रिथिडियाने खात्री, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आता पाळतात. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर डॉक्टर गांभीर्याने घेणार. एलायझा थोडीशी पॉझिटिव्ह आणि क्रिथिडिया निगेटिव्ह असेल तर तो अधांतरी रिपोर्ट, तिथे लक्षणं, लघवी, बाकीच्या टेस्ट यावर गाडी चालते आणि बऱ्याचदा काही महिन्यांनी पुन्हा बघतात. ज्या निकषांचं वर बोलले त्यात डीएस-डीएनए किंवा एसएम पॉझिटिव्ह असेल तर ६ मार्क आहेत, एकूण १० लागतात, म्हणजे एकट्या टेस्टवर काम भागत नाहीच, आणि डीएस-डीएनए कुठल्याही मेथडने आलेलं चालत नाही, सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या आजारांमध्ये किमान ९० टक्के वेळा निगेटिव्ह राहणारीच मेथड हवी असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

आकड्यांची तुलना करताना नॉर्मल रेंजचा रकाना आधी बघा. समजा एका किटचा कटऑफ १०० आहे आणि दुसऱ्याचा ३०, तर ६० हा आकडा इकडे निगेटिव्ह आणि तिकडे पॉझिटिव्ह, पेशंट तोच, रक्त तेच. लोक काय करतात, मार्चमध्ये एका लॅबचे ६० आणि जूनमध्ये दुसरीचे १४० आले की "दुपटीने वाढलं" म्हणून रडायला लागतात. असली तुलना करूच नका. लुपस पक्का झाल्यावर डीएस-डीएनए आणि सी३ सी४ या पुन्हा पुन्हा करायच्या टेस्ट आहेत, आजार उसळतोय का याचा अंदाज त्यावरून घेतात (डीएस-डीएनए चढतंय आणि सी३ सी४ उतरतंय असं जोडीने झालं तर किडनीकडे लक्ष, म्हणून लघवीतलं प्रोटीनही सोबत), पण त्या प्रत्येक वेळी त्याच लॅबमध्ये, त्याच मेथडने. एएनए मात्र एकदा नीट पॉझिटिव्ह आलं की दर तीन महिन्यांनी करण्यात काही अर्थ नाही, टायटर वरखाली झाला म्हणून आजार वरखाली होत नाही. ते पैसे वाचवा.

ब्लॉट म्हणजे एएनए प्रोफाइल. कागदी पट्टीवर एकेका अँटिजेनची रेघ छापलेली असते, सिरममध्ये बुडवली की जिथे अँटिबॉडी आहे तिथे रेघ उमटते, साधारण प्रेग्नन्सी टेस्टच्या रेघेसारखी, फक्त पंधरा-वीस रेघा एका खाली एक. यात दोन खड्डे आहेत. पहिला, एनआरएनपी/एसएम अशी एक रेघ असते आणि नुसती एसएम अशी वेगळी. एका पेशंटच्या मिस्टरांचा फोन होता, घाबरून गेलेले, एसएम पॉझिटिव्ह म्हणजे लुपस पक्काच असं कुठेतरी वाचलेलं, रिपोर्ट बघितला तर एनआरएनपी/एसएम तीन प्लस आणि खालची एसएम निगेटिव्ह. त्या जोडनावाच्या रेघेचा अर्थ एसएम पॉझिटिव्ह असा होत नाही, तिथे आरएनपीची अँटिबॉडी असली तरी रेघ येते, आणि आरएनपी लुपसमध्येही असतं आणि मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीजमध्ये तर असतंच. लुपससाठी वजनदार ती खालची, एकटी एसएम. ती फार थोड्या पेशंटमध्ये येते पण आली की सहसा चुकत नाही. आणि हो, एसएम म्हणजे स्मूथ मसल नाही! स्मूथ मसल अँटिबॉडी ही लिव्हरची वेगळी टेस्ट, चुकून ती करून आलेले पेशंट मी बघितलेत. एसएम हे १९६६ मध्ये ज्या पेशंटमध्ये ही अँटिबॉडी सापडली तिच्या आडनावाची अक्षरं, रो आणि ला पण तशीच पेशंटच्या नावांवरून पडलेली.

दुसरा खड्डा रो चा. पट्टीवर एसएसए म्हणजे रो-६० आणि रो-५२ अशा दोन वेगळ्या रेघा असतात, काही लॅब दोन्ही एकत्र धरून नुसतं एसएसए पॉझिटिव्ह लिहितात. एकटी रो-५२ ही कितीतरी आजारांत येते, रो-६० चं तसं नाही. ज्या बायकांना मूल हवंय त्यांनी रो आणि ला ची ओळ डॉक्टरांना आवर्जून दाखवायची, आधी दाखवायची, पाचव्या महिन्यात नाही. रो पॉझिटिव्ह आईच्या बाळाला हार्ट ब्लॉक होण्याची शक्यता १ ते २ टक्के असते, कमी आहे, पण माहीत असलं तर गरोदरपणात बाळाच्या हृदयाची इको वेळेवर होते. पट्टीवर एकच फिकट रेघ, एक प्लस, आणि आयएफए निगेटिव्ह असेल तर मात्र लगेच त्यावर इमारत बांधू नका, पट्टीवर अशा भुताटकी रेघा उमटतात. हिस्टोनची रेघ आली तर चालू असलेल्या गोळ्या सांगा, विशेषतः टीबीची आयसोनियाझिड किंवा बीपीची हायड्रालाझिन, औषधामुळे होणारा लुपस हा वेगळा प्रकार आहे, पण म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, टीबीच्या तर नाहीच नाही.

लुपस अँटिकोआग्युलंट या नावाइतकं फसवं नाव मी पाहिलं नाही. नावात लुपस, पण लुपस नसलेल्यांनाही येतं. नावात रक्त पातळ करणारं, पण ते फक्त टेस्ट ट्यूबमध्ये, शरीरात उलट गुठळ्या होतात. ही टेस्ट, कार्डिओलिपिनची अँटिबॉडी आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीनची अँटिबॉडी असं त्रिकूट करतात, गर्भ पुन्हा पुन्हा पडत असेल किंवा पायात गुठळी झाली असेल तर हमखास. कार्डिओलिपिनवाल्यांची व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची टेस्टही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यावरून घराघरांत काय रामायणं झालीत ते विचारू नका. पॉझिटिव्ह आलं तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करायचं, तेव्हाही आलं तरच धरायचं. बाकी अँटिबॉडीच्या सगळ्या टेस्ट सिरमवर होतात, लाल किंवा पिवळ्या झाकणाची ट्यूब, लुपस अँटिकोआग्युलंटला मात्र निळ्या झाकणाची, आणि ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, अर्धी ट्यूब घेतली तर उत्तर बिघडतं. हेपरिन, वॉरफरिन किंवा रक्त पातळ करणारी नवी गोळी चालू असेल तर रक्त घेणाऱ्याला सांगा, फॉर्मवर लिहून घ्या, नाहीतर खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. यातल्या कशालाच उपाशीपोटी जायची गरज नाही, चहा-पोहे खाऊन खुशाल या.

लॅब निवडताना दोन प्रश्न विचारा. सॅम्पल इथेच लावता की बाहेर पाठवता, कारण दोन वेगळ्या दुकानांत रक्त दिलं तरी दोन्हीकडून ते मुंबईच्या एकाच मोठ्या लॅबला जात असू शकतं आणि मग सेकंड ओपिनियन कसलं. आणि नॅबलचा (लॅब तपासून मान्यता देणारी संस्था) शिक्का असेल तर विचारा की ही टेस्ट त्या मान्यतेच्या यादीत आहे का, शिक्का लॅबला असतो पण यादी टेस्टनुसार असते.

घरी एक फाइल करा. प्रत्येक रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात पेनाने तारीख, लॅब, मेथड आणि कटऑफ लिहा, आकडा त्यानंतर. मेथड छापलेलीच नसेल तर लॅबला फोन लावून म्हणा, "एएनए आयएफएने केलंय की एलायझाने, आणि डीएस-डीएनएचं किट तेच आहे का जे मागच्या वेळी होतं?" फोनवरच्या मुलीला माहीत नसलं तर इम्युनॉलॉजीला जोडून द्या म्हणा. आम्ही तिथेच असतो, दिवा बंद करून.